हातचा

लेसोथोच्या नकाशात सेमोनकाँगच्या वर
जिथे जीप थांबते
आणि पुढे तट्टूवरून तीन तास,
तिथली रात्रशाळा माझ्या यादीत क्रमांक एकोणीस.

वर्षातून एकदा जातो. रकाने चौदा.
कंदील किती, पाट्या किती, गमबुटांचे जोड किती,
मक्याची पोती किती घरी पोचली,
मुलं किती टिकली.

मुलं म्हणजे गुराखी.
दिवसभर डोंगरावर मेंढरांमागे,
दिवस कलला की मेंढरं दगडी मेंढवाड्यात
आणि ही पोरं, घोंगडी पिनेनं गळ्याशी आवळून,
कंदिलाभोवती.

त्लाली बारा वर्षांचा.
वादळात जन्मला म्हणून नाव ठेवलं वीज.
मोखोथूंकडे सालानं राहिलाय, वर्षाअखेर बारा मेंढ्या.
बाप खाणीतून परतला तो छातीत दगडाची धूळ घेऊन,
दर तिसऱ्या शब्दाला थांबतो.
आमचं पोतं महिन्याला त्यांच्या दारात उतरतं,
म्हणून आई दोघी धाकट्यांना सकाळच्या शाळेत धाडू शकते.
एवढं सगळं रकान्यांत बसतं.

गेल्या वर्षी त्लालीची हजेरी निम्मी होती.
कोल्हे, मास्तर म्हणाले.
बर्फ पडलं की खाली उतरतात.
कोकरू गेलं तर बारांतली एक वजा.
पोरानं कुठे कुठे असावं?

यंदा एकही खाडा नाही.
कसं काय, विचारलं,
तर मास्तरांनी नुसती हनुवटी दाराकडे केली.

बाहेर, भिंतीला पाठ लावून
एक बाई बसली होती.
मांडीवर काठी, पायाशी कुत्रं.
मालिनेओ.
इथे थोरल्या लेकरावरून आईला हाक मारतात.
लिनेओ म्हणजे भेटी, अनेकवचनी.
ती मुलगी सातव्या वर्षी गेली.
नाव आईकडे राहिलं.

खाली बसायला आमचंच रिकामं पोतं,
वर निळ्या शाईत देणाऱ्या घराण्याचं नाव.
(कुठेतरी उबेत जेवत असतील ते आत्ता.
जेवोत. मनापासून म्हणतो.)

किती रात्री बसलात, मी विचारलं.
मोजायला मी कुठे शाळेत गेले, ती म्हणाली,
आणि कुत्र्याचा कान चोळत राहिली.

आत त्लाली फळ्यापाशी.
अठ्ठेचाळीस अधिक सत्तावीस.
आठ नि सात पंधरा, पाच खाली,
हातचा एक.
तो एक त्यानं फळ्यावर लिहिला नाही.
मुठीत धरला,
थंडीनं सुजलेल्या बोटांत,
मग चार नि दोन सहा,
मूठ उघडली,
सात.

शाळा सुटल्यावर तो बाहेर आला,
कंदील खाली धरून पोत्यावरचं नाव
एकेक अक्षर जोडत तिला वाचून दाखवलं.
ती लगेच उठली.
पोतं उलटं केलं.
नावावर कसं बसायचं, म्हणाली,
इतके दिवस सांगितलं नाहीस ते.
इतके दिवस येत नव्हतं, तो म्हणाला.

परत येऊन मी तिचं नाव लिहिलं,
'इतर' या रकान्यात.
दोन महिन्यांनी मुख्यालयातून कागद माघारी:
इतरमध्ये रक्कम अपेक्षित. दुरुस्ती करावी.

रक्कम.
जूनमधल्या एका रात्रीची काय धरायची?
बर्फाच्या रात्रीची वेगळी?
आणि ज्या रात्री कोल्हा आलाच नाही,
तिची?
शून्य लिहिलं. खोडलं.
कागद अजून खणात आहे.

निघताना तिनं एकच गोष्ट मागितली होती,
तीही तट्टूचा लगाम हातात देता देता:
पोती तागाचीच पाठवा.
प्लास्टिकच्या पोत्यावर अंगाखाली घाम धरतो
आणि पहाटे तो गोठतो.

पुढच्या सालाच्या मागणीत लिहिलंय:
गमबूट सोळा जोड.
कंदिलाच्या काचा चार.
पोती, तागाची.
कारणाच्या जागी लिहिलं, थंडी.
तेवढीच जागा होती.